हात वर करू नका

लिलाव कोलोनला आहे, पण आधी ड्युसेलडॉर्फला उतरू. ज्याचा माल पुकारला जाणार, त्याचं दुकान पाहिल्याशिवाय लिलावाला जाण्यात अर्थ नाही.

1935 चा ऑगस्ट महिना संपत आला आहे. तुम्ही उभे आहात तो रस्ता क्योनिग्सआले. मधोमध पाण्याचा कालवा, दोन्ही काठांना मोठमोठी झाडं, एका अंगाला बँका आणि दुसऱ्या अंगाला उंची दुकानं. ऱ्हाइनकाठच्या पैसेवाल्यांचा हा फिरण्याचा रस्ता. ड्युसेलडॉर्फ म्हणजे बर्लिन नव्हे. पण चित्रकलेच्या बाबतीत हे गाव कोणाला हार जाणारं नाही. इथल्या अकादमीतून गेल्या शतकात निसर्गचित्रकारांची अख्खी पिढी बाहेर पडली. आंद्रेआस आणि ओसवाल्ड आखेनबाख हे भाऊ इथलेच. गावातल्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या, कारखानदारांच्या बैठकीत एखादं तरी जुनं तैलचित्र असतंच, आणि ते घ्यायचं तर याच रस्त्यावर यायचं.

गॅलरी श्टेर्न इथेच आहे. आत या.

जवसाच्या तेलाचा आणि व्हार्निशचा वास आधी नाकाला भिडतो. भिंतीवर गडद रंगांची डच चित्रं, इटालियन संत, ऱ्हाइनचे वळणदार काठ, वादळात सापडलेली गलबतं. सोनेरी महिरपींच्या चौकटी एकमेकींना खेटून लावलेल्या. खाली जमिनीवर काही चित्रं भिंतीकडे तोंड करून टेकवून ठेवली आहेत. त्यातल्या एकाची पाठ जवळून पाहा. कापड ताणून बसवलेली लाकडी चौकट, कोपऱ्यांत ठोकलेल्या लहान पाचरी, काळवंडलेलं कापड, त्यावर जुन्या मालकाच्या लाखेच्या शिक्क्याचा तुकडा, खडूने लिहिलेला आकडा, आणि दुकानाची कागदी चिठ्ठी. चित्र पाहायला आलेली माणसं पाठ पाहत नाहीत. तुम्ही मात्र लक्षात ठेवा. सत्तर वर्षांनी साक्ष द्यायला बसेल ती ही पाठच.

दुकान सुरू केलं यूलिउस श्टेर्न यांनी, 1913 साली. म्युन्शन-ग्लाडबाखचे हे कापड कारखानदार; चित्रांचा नाद लागला आणि नादाचा धंदा झाला. 1934 साली ते वारले. आता गल्ल्यावर त्यांचा मुलगा आहे, माक्स. वय एकतीस. बॉनच्या विद्यापीठातून कलेच्या इतिहासात डॉक्टरेट घेतलेला. वडिलांनी नजरेने शिकलेली विद्या मुलाने पुस्तकांतून पक्की केली. वडिलांची गादी मुलाने चालवावी, तीही वडिलांपेक्षा जास्त शिकून, यासारखं समाधान व्यापारी घरात दुसरं नसतं.

29 ऑगस्टला एक पत्र निघतं. पाठवणारी संस्था ललित कलांची राइश परिषद. तुम्हाला वाटेल, कलावंतांचं एखादं मंडळ असेल. तसं नाही. 22 सप्टेंबर 1933 च्या कायद्याने नाझींचा प्रचारमंत्री गोबेल्स याने संस्कृतीच्या सगळ्या क्षेत्रांसाठी अशा परिषदा उभ्या केल्या. चित्रकार असा, शिल्पकार असा किंवा चित्रं विकणारा दुकानदार असा, परिषदेचा सभासद असल्याशिवाय काम करता येत नाही. आणि ज्याच्या अंगी लायकी आणि भरवसा नाही असं परिषदेला वाटेल, त्याला सभासदत्व नाकारायची मुभा नियमांतच ठेवलेली. ज्यू असणं म्हणजे लायकी नसणं, हे पुढचं गणित आपोआप सुटतं. श्टेर्न ज्यू आहेत. पत्रात म्हटलं आहे की सभासदत्व मिळणार नाही, आणि चार आठवड्यांत दुकान दुसऱ्याच्या हवाली करा किंवा मोडा.

शिपाई येऊन तोडफोड करत नाही, कोणी आवाज चढवत नाही. टंकलेखन केलेला एक कागद, खाली सही, वर शिक्का. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत भयंकर वाटतो तो हा कागद. काचा फुटल्या तर चार लोक पाहतात, आणि पुढे-मागे कोणीतरी सांगतं की मी पाहिलं. पत्र फोडलं जातं ते एकट्या माणसाच्या हातात, त्याच्याच टेबलाशी.

माक्स श्टेर्न वकिलामार्फत अर्ज करतात, फेरविचाराची विनंती करतात, मुदत मागतात. दोन वर्षं तसेच काढतात. त्या दोन वर्षांतून तुम्हाला झरझर नेतो. सप्टेंबर 1935 मध्ये न्युर्नबर्गचे कायदे होतात आणि ज्यूंचं नागरिकत्वच काढून घेतलं जातं. 7 मार्च 1936 ला जर्मन पलटणी सैन्याला मज्जाव असलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये शिरतात. कोलोनचा होहेनत्सोलर्न पूल ओलांडणाऱ्या सैनिकांवर लोक फुलं टाकतात. 19 जुलै 1937 ला म्युनिकमध्ये ‘अधःपतित कला’ नावाचं प्रदर्शन उघडतं. सरकारी संग्रहालयांतून ओढून काढलेली आधुनिक चित्रं तिथे हेटाळणीसाठी टांगली जातात. श्टेर्नच्या दुकानातली चित्रं मात्र त्या जातीची नाहीत. ती जुनी, मान्यवर, सत्ताधाऱ्यांच्याही आवडीची. चित्रांबद्दल कोणाचं काही म्हणणं नाही. चित्रं सगळ्यांना हवीच आहेत.

13 सप्टेंबर 1937 ला शेवटचा हुकूम येतो. आता अर्ज नाही, विनंती नाही. धंदा बंद, माल काढा.

तेव्हापासून बरोबर दोन महिन्यांनी, 13 नोव्हेंबरला, तुम्ही कोलोनच्या मुख्य स्टेशनवर उतरता. ड्युसेलडॉर्फहून अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर. शनिवार आहे, म्हणजे ज्यूंच्या विसाव्याचा, प्रार्थनेचा वार.

स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की कॅथीड्रल अंगावरच येतं. मान कितीही मागे टाकली तरी दोन्ही मनोरे एका नजरेत मावत नाहीत. सावकाश चला. होहे श्ट्रासेवरून दक्षिणेला, मग उजवीकडे शिल्डरगासे. हे शहराचे बाजाराचे रस्ते. परवाच, अकराव्या महिन्याच्या अकरा तारखेला, इथल्या कार्निव्हलचा हंगाम सुरू झाला. उत्तरेच्या अंगाला ग्लोकनगासे लागते, 4711 या अत्तराच्या पाण्याची गल्ली. कोलोनचं नाव मराठी घरांतल्या कपाटापर्यंत पोचलं ते या सुगंधी पाण्यामुळेच. त्याच बाजूला थोडं पुढे आपेलहोफप्लाट्सजवळ एक नवी इमारत आहे, एल-डे हाउस. लेओपोल्ड डामेन नावाच्या सराफाने बांधायला घेतली, तिच्यावर त्याच्याच नावाची आद्याक्षरं. 1935 च्या डिसेंबरपासून तिथे गेस्टापोचं, म्हणजे गुप्त पोलिसांचं, कार्यालय आहे आणि तळघरात कोठड्या आहेत. तुम्हाला जायचं आहे तिथून ती इमारत चालत दहा मिनिटांवर. हे अंतर आज दिवसभर डोक्यात असू द्या. सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या ते आहे.

नॉयमार्क्ट हा मोठा मोकळा चौक. ट्रामचे रूळ चौकाला वळसा घालतात. पश्चिमेला संत आपोस्टेल्नचं जुनं चर्च, त्याची अर्धगोल पाठ चौकाकडे. याच चौकात लेम्पर्त्सची लिलावपेढी. 1845 पासून हे नाव चालत आलं आहे. इथला हातोडा म्हणजे विश्वासाचा हातोडा, असं ऱ्हाइनकाठचा कोणीही संग्राहक सांगेल.

दारात सूचिपत्रिका घ्या. लिलाव क्रमांक 392. नावापुढे लिहिलं आहे ते ड्युसेलडॉर्फच्या गॅलरी श्टेर्नचा साठा. आत दोनशेहून अधिक नोंदी. प्रत्येक चित्राला अनुक्रमांक, चित्रकाराचं नाव, विषय, लांबी-रुंदी, सही आहे की नाही, कापडावर की लाकडी फळीवर. शेवटी छायाचित्रांची पानं. छपाई नेटकी आहे. हे काम ज्याने केलं त्याने मनापासून केलं आहे. एका आयुष्यभराच्या जमवाजमवीची इतकी चोख यादी घरच्या माणसानेही केली नसती. ही पत्रिका सांभाळून ठेवा.

आत खुर्च्यांच्या रांगा. ओव्हरकोट मांडीवर घेऊन बसलेले व्यापारी, चष्मा कपाळावर चढवून चित्राला नाक लावणारे संग्राहक, नव्या घराच्या भिंती मोजून आलेली जोडपी. अक्राळविक्राळ चेहरा शोधू नका, सापडणार नाही. बहुतेकांना एकच ठाऊक आहे आणि तेवढं पुरेसं आहे: विकणाऱ्याला आज विकावंच लागणार. ज्याला थांबता येत नाही त्याचा भाव पडतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही मोंढ्यावरचा शेतकरी सांगेल. मालकाला किंमत पटली नाही म्हणून माल परत नेण्याची सोय नाही; नेणार कुठे? दुकानाला कुलूप लागायचं आहे.

पुकारा सुरू होतो. दोन गडी चित्र उचलून समोरच्या घोडीवर ठेवतात. पुकारणारा क्रमांक वाचतो, चित्रकाराचं नाव वाचतो, बोली उघडतो. पेन्सिली हलतात. कोणी सूचिपत्रिका किंचित उचलतो, कोणी नुसती भुवई. एक वार, दोन वार, तीन वार, आणि हातोडा पडतो. कारकून नाव लिहून घेतो. चित्र उतरतं, पुढचं चढतं. एकेका चित्राला मिनिटही लागत नाही. श्टेर्न बापलेकांनी एकेक चित्र घरोघर हिंडून, पारखून, घासाघीस करून, कधी वर्षभर वाट पाहून मिळवलेलं.

तुम्ही ज्यांची वाट पाहत आहात त्यांतली काही आता येतील. 1632 सालचा, चामडी पिशवीची बासरी फुंकणारा एक डच वादक. लुडोविको काराच्ची या बोलोन्याच्या चित्रकाराचा संत जेरोम. आणि ही मुलगी.

नीट बघा. फ्रान्त्स क्साव्हर विंटरहाल्टरचं चित्र, ‘साबिन डोंगरातली मुलगी’. तिशीच्या आत-बाहेर असताना विंटरहाल्टर इटलीत होता, तिथला हा विषय. अजून तो राजेरजवाड्यांचा चित्रकार झालेला नव्हता. पांढरं सैल पोलकं खांद्यावरून किंचित ओघळलेलं, दुपारची सुस्ती अंगावर, नजर थेट पाहणाऱ्याकडे. राणी व्हिक्टोरियाची, सम्राज्ञी यूजेनीची जी चित्रं पुढे त्याने काढली त्यांत रेशीम आणि जवाहीर आधी दिसतं, माणूस मागाहून. इथे माणूसच आहे. याच विंटरहाल्टरने 1854 साली बकिंगहॅम राजवाड्यात एका हिंदुस्थानी तरुणाचंही चित्र काढलं: पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग. पाच वर्षांपूर्वी, दहा वर्षांच्या त्या पोराकडून तहावर सही घेऊन त्याचं राज्य आणि कोहिनूर दोन्ही काढून घेतलं होतं. सही होती, शिक्का होता, कागद कायदेशीर होता. हे आठवलं की कोलोनच्या या सभागृहात आपण अगदी परके राहत नाही.

बोली चालू आहे. आणि आता तुमच्या मनात काय आलं आहे ते मला कळतं. तुमच्या खिशात त्या काळच्या मार्कांच्या नोटा आहेत. वाटतं, आपणच घ्यावी ही मुलगी. घ्यावी, जपावी आणि एक दिवस श्टेर्नना परत द्यावी.

हात वर करू नका.

तुम्ही हात वर केलात की कारकून तुमचं नाव लिहील. तुम्हाला पावती मिळेल, खरी पावती. तुमच्या मनातला हेतू त्या पावतीवर कुठेही लिहिलेला नसेल. तुमच्या बोलीने भाव वर चढेल, पण चढलेला भावही मालकाच्या हाती पडणार नाही. शिवाय आणखी एक गिऱ्हाईक हजर राहिल्याने हा लिलाव आणखी थोडा खराखुरा ठरेल. या खोलीला हवे आहेत ते भले, सभ्य, किंमत मोजणारे लोकच. चोराने उचललेल्या वस्तूची पावती नसते. इथे प्रत्येक वस्तूची आहे, आणि म्हणून ती परत मिळवणं चोरीच्या मालापेक्षा अवघड होऊन बसणार आहे. विकत घेणारा छातीवर हात ठेवून म्हणेल, मी जाहीर लिलावात पैसे मोजून घेतलं. त्याची मुलं म्हणतील, आमच्या वडिलांनी घेतलं. नातवंडं म्हणतील, हे चित्र आमच्या घरात कायमच आहे.

तीन वार. मुलगी एका डॉक्टरेट मिळवलेल्या गृहस्थाच्या नावावर लागली.

पैशांचं काय होतं, तेही पाहून घ्या, म्हणजे हा व्यवहार पुरता कळेल. खरेदीदारांनी पैसे मोजले. ते श्टेर्नना मिळाले नाहीत. सरकारने त्यांची मालमत्ता गोठवून टाकली. देश सोडणाऱ्यावर एक कर होता, राइश-पलायन कर. तो 1931 साली मंदीच्या दिवसांत, भांडवल बाहेर जाऊ नये म्हणून लावलेला, मालमत्तेच्या चौथ्या हिश्श्याएवढा. नाझींनी 1934 मध्ये त्याची मर्यादा दोन लाखांवरून पन्नास हजार मार्कांवर आणली आणि मध्यम ऐपतीची ज्यू घरंसुद्धा त्यात ओढली. आधी माणसाला राहणं अशक्य करायचं, मग जाण्याची किंमत वसूल करायची. वर उरलेलं बंद खात्यात अडकवायचं.

23 डिसेंबर 1937. नाताळच्या दोन दिवस आधी माक्स श्टेर्न पॅरिसच्या गाडीत बसतात आणि तिथून लंडनला जातात. बहीण लंडनमध्ये आहे. आई मागे राहिली आहे. ती पुढच्या वर्षी येईल. खासगी संग्रहातली काही चित्रं आणि घरचं सामान कोलोनमधल्या एका वाहतूकदाराच्या गोदामात ठेवलं आहे, पाठोपाठ पाठवायचं म्हणून. ते कधीच पोचत नाही. गेस्टापो तेही जप्त करते.

इथून पुढे आपण भराभर जाऊ; मला तुम्हाला आणखी एका खोलीत न्यायचं आहे.

1940 साली ब्रिटनने शत्रुदेशाचे नागरिक म्हणून ज्यांना कोंडलं, त्यांत नाझींपासून पळून आलेले ज्यूही होते. श्टेर्नही. आधी आइल ऑफ मॅन, मग बोटीत घालून कॅनडातल्या छावण्या. सुटल्यावर मॉन्ट्रियलच्या डोमिनियन गॅलरीत नोकरी, आणि 1947 मध्ये पत्नी आयरिससह तिची मालकी. ड्युसेलडॉर्फमध्ये ज्याची कलेच्या प्रसाराची लायकी नाकारली, त्या माणसाने कॅनडातल्या जिवंत चित्रकारांना बाजार मिळवून दिला. एमिली कार या म्हाताऱ्या, उपेक्षित चित्रकर्तीला तो शोधत गेला आणि 1944 मध्ये तिचं प्रदर्शन भरवलं. एका देशाने फेकून दिलेली नजर दुसऱ्या देशाच्या कामी आली. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. त्याच राजवटीमुळे रुडॉल्फ फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर आणि एमॅन्युएल श्लेझिंगर मुंबईत आले. रझा, सूझा, आरा, हुसेन, गाडे ही तरुण मंडळी अजून कोणाच्या खिजगणतीत नव्हती, तेव्हा या तिघांनी त्यांची चित्रं पाहिली, त्यांवर लिहिलं, आणि विकतही घेतली.

1943 मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी कोलोन भाजून काढलं. नॉयमार्क्टवरची लेम्पर्त्सची इमारत त्यात गेली. पेढी मात्र टिकली आणि 1952 मध्ये त्याच जागेवर नवी इमारत उभी राहिली. तुम्ही ज्या खुर्चीवर बसला होतात ती राख झाली. छापलेली सूचिपत्रिका ग्रंथालयांत आणि लोकांच्या घरी उरली.

युद्ध संपल्यावर श्टेर्ननी शोध घेतला. वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, जर्मनीला फेऱ्या मारल्या, दावे लावले. थोडी नुकसानभरपाई मिळाली, काही मोजकी चित्रंही. 28 मे 1987 ला ते गेले. मूल नव्हतं. आपलं सगळं त्यांनी तीन विद्यापीठांच्या नावे केलं: मॉन्ट्रियलची कॉन्कॉर्डिया आणि मॅकगिल, आणि जेरुसलेमचं हिब्रू विद्यापीठ. हरवलेल्या चित्रांवरचा हक्कही त्यातच आला. 2002 मध्ये कॉन्कॉर्डियाच्या पुढाकाराने या वारसांनी शोधमोहीम हाती घेतली, आणि मोहिमेचं मुख्य हत्यार ठरली ती 13 नोव्हेंबर 1937 ची सूचिपत्रिका. लिलाव करणाऱ्यांनी विकण्यासाठी जी नेटकी यादी केली, तीच आता चोरीच्या मालाची यादी म्हणून वाचली जाऊ लागली. लांबी-रुंदी जुळते का, सही त्याच कोपऱ्यात आहे का, पाठीवरची चिठ्ठी कोणाची.

2005 च्या जानेवारीत तुम्ही अमेरिकेत ऱ्होड आयलंडला आहात. क्रॅन्स्टन नावाच्या गावातली एक लहानशी लिलावपेढी. समोर तीच मुलगी, तेच ओघळलेलं पोलकं, तीच नजर. त्या डॉक्टरेटवाल्या गृहस्थाच्या सावत्र मुलीने ती विकायला ठेवली आहे. विद्यापीठांच्या माणसांनी ओळखलं, लिलाव थांबवला, परत मागितली. बोलणी फिसकटली; मालकीणबाईंनी चित्र जर्मनीला रवाना केलं, तिथल्या न्यायालयाकडून आपला हक्क ठरवून घ्यावा म्हणून. मग वारस अमेरिकेच्या न्यायालयात गेले.

मला तुम्हाला न्यायचं होतं ती खोली ही. भिंतीवर चित्र एकही नाही. बचाव तुम्ही आधीच ऐकलेला आहे, 1937 मध्ये, खुर्चीवर बसल्या बसल्या: जाहीर लिलावात, पैसे मोजून. शिवाय इतकी वर्षं उलटली, आता मागणी कसली? डिसेंबर 2007 मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि नोव्हेंबर 2008 मध्ये बोस्टनच्या अपील न्यायालयाने याचं उत्तर दिलं. मालकाला सक्तीने विकायला लावलं आणि पैसाही हाती पडू दिला नाही, तेव्हा ती विक्री नव्हे, ती मालमत्ता हिसकावून घेणंच होय. आणि वारसांनी शोधात कसूर केलेली नाही. चित्र परत करा. सक्तीच्या लिलावाला अमेरिकन न्यायालयाने लुटीच्या पंगतीला बसवलं, त्याची दखल साऱ्या कलाबाजाराला घ्यावी लागली.

काराच्चीच्या संत जेरोमची गोष्ट याहून वेगळी. 2000 साली तो पुन्हा कोलोनमध्येच विकायला आला, आणि विकणारी पेढी होती लेम्पर्त्स. तीच. न्यूयॉर्कचे नावाजलेले चित्रव्यापारी रिचर्ड फायगन यांनी तो विकत घेतला. इतका जाणकार माणूस, पण त्यांनाही मागचा इतिहास कळला नाही. पुढे कळला तेव्हा त्यांनी न्यायालयाची वाट पाहिली नाही. 2009 मध्ये चित्र वारसांच्या स्वाधीन केलं. बासरीवाला डच वादकही त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये परत मिळाला. 2013 मध्ये श्टुटगार्टच्या राज्य संग्रहालयाने श्टेर्नच्या मालकीचं एक पंधराव्या शतकातलं मेरी आणि बाळाचं चित्र परत दिलं. ड्युसेलडॉर्फने 2017 मध्ये श्टेर्नवर आखलेलं प्रदर्शन आधी रद्द केलं. जगभरातून टीका झाली, आणि ते अखेर 2021 मध्ये भरलं. शहरांनाही आपली जुनी पत्रं उघडायला वेळ लागतो, पण इतका लागायला नको होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेकडो चित्रांपैकी वीस-पंचवीसच परत आली आहेत. बाकीची कुठेतरी भिंतीवर आहेत. बहुतेक ज्यांच्याकडे आहेत त्यांना ठाऊकही नसेल.

म्हणून तुम्हालाच विनंती. आपली मुलं-बाळं आता जर्मनीत, हॉलंडमध्ये, अमेरिकेत घरं करून राहिली आहेत. जुन्या बाजारातून, घरगुती लिलावातून युरोपातलं एखादं जुनं चित्र दिवाणखान्यासाठी आवडीने घेणारी कुटुंबं त्यांत आहेत. असं चित्र घ्यायच्या आधी ते उलटं करून त्याची पाठ पाहा. चिठ्ठी असेल तर तिचा फोटो काढा. विकणाऱ्याला विचारा की 1933 ते 1945 या बारा वर्षांत हे कोणाच्या घरी होतं. उत्तर मिळालं नाही, तर जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या हरवलेल्या कलाकृतींच्या नोंदवहीत शोधा. ती इंटरनेटवर आहे आणि कोणालाही फुकट पाहता येते. तिथेही समाधान झालं नाही, तर चित्र कितीही आवडलं असलं तरी घेऊ नका, आणि ते पाहिल्याचं मात्र नोंदवहीवाल्यांना जरूर कळवा.